पगारासाठी नर्सिंगला जाणे चूक आहे का?

तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. तुम्ही निपाणीजवळच्या गावात राहता, आई विड्या वळते, धाकटी बहीण पीयूसी (बारावी) सायन्स पास झाली आहे आणि बी.एस्सी. नर्सिंगच्या प्रवेशासाठी गेली असता तिथल्या मॅडमनी तिला नर्स का व्हायचे आहे असे विचारले. तिने सरळ सांगितले की पगार चांगला मिळतो, पुढे जर्मनीला जाता येते आणि घरावरचे कर्ज फेडायचे आहे. त्यावर मॅडम म्हणाल्या, ‘पैशासाठी येणार असाल तर या क्षेत्रात येऊच नका.’ तेव्हापासून आपल्यात सेवाभाव नाही असे तिने मनात घेतले आहे, आणि पैशाच्या अपेक्षेने या पेशात जाणे खरोखरच अनैतिक आहे का, असे तुम्ही विचारता आहात.

मी गेली अठ्ठावीस वर्षे चिकोडी आणि बेळगाव या भागात परिचारिका म्हणून काम करते आहे. पहिले वर्षभर एका लहान प्रसूतिगृहात होते, नंतर मोठ्या रुग्णालयात गेले, आणि अलीकडे वॉर्ड इन्चार्ज म्हणून विद्यार्थिनींना क्लिनिकल शिकवण्यात माझा बराच वेळ जातो. तुमच्या बहिणीने नर्सिंग घ्यावे की नाही हे मी सांगू शकणार नाही, कारण कॉलेजची फी किती, त्यासाठी आणखी किती कर्ज काढावे लागणार, घरचे तिला रात्रपाळी करू देणार का आणि चार वर्षांनी लग्नाचा विषय निघाला की काय होणार, अशा तुमच्या घरातल्या गोष्टींवर ते अवलंबून आहे. पैशाचे नाव काढल्यामुळे ती अपात्र ठरते का, एवढ्यापुरते मात्र माझे मत पक्के आहे, आणि ते कसे बनले ते सांगते.

मॅडमच्या बोलण्यामागची काळजी मला कळते. सलाईन संपत आले तरी मोबाइलमधून मान वर न काढणाऱ्या मुली त्यांनी पाहिल्या असतील. मीही पाहिल्या आहेत. परंतु माणूस या कामात कशासाठी येतो आणि रात्री तीन वाजता खाटेशी उभा राहिल्यावर कसा वागतो, हे दोन प्रश्न त्यांनी एकात एक मिसळले. मीही अधूनमधून अशा मुलाखतींना बसते. ‘लहानपणापासून सेवेची आवड आहे’ हे वाक्य जवळपास प्रत्येक मुलगी घरून पाठ करून येते, आणि त्या वाक्यावरून पुढे कोण कशी निघेल याचा अंदाज मला तरी कधी नीट बांधता आलेला नाही.

माझेच उदाहरण घ्या. मी खरोखर सेवेच्या ओढीने आले होते. आजोळी, खानापूरकडे, माझी एक मावशी बाळंतपणात गेली आणि तेव्हापासून हे काम डोक्यात बसले होते. जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) होऊन पहिली नोकरी धरली तेव्हा पगार महिना बाराशे रुपये होता आणि त्यातले तीनशे खोलीच्या भाड्याला जात. त्या प्रसूतिगृहात एक रीत होती. मुलगा झाला की आया बाळाला दुपट्यात गुंडाळून दाराशी यायची आणि पाचशे रुपये हातात पडल्याशिवाय बाळ आजीच्या ओटीत देत नसे. मुलगी झाली तर शंभरावर भागायचे, कधी काहीच मिळत नसे. वाटणी त्याच दिवशी व्हायची आणि माझ्या ॲप्रनच्या खिशात एक नोट येऊन पडायची. पहिल्या वेळी मी नको म्हटले. आया म्हणाली, ‘घे गं पोरी, डॉक्टर काय तुला देऊलाय काय? लोकं खुशीनं देतात.’ दुसऱ्या वेळी मी काही बोलले नाही.

आठ महिने मी ते पैसे घेतले. खुशीचे पैसे कसे असतात तेही पाहिले. तंबाखूच्या वखारीत मजुरी करणारी एक म्हातारी नातवासाठी आली होती. पदराची गाठ सोडताना तिचे हात थरथरत होते, गाठीत दहा-वीसच्या चुरगळलेल्या नोटा होत्या, आणि तीनशे ऐंशी मोजून झाल्यावर आयाकडे न बघता माझ्याकडे बघत ती म्हणाली, ‘बाई, उरलेलं बाजारादिवशी आणून देतो.’

तरीही मी थांबले ते त्या म्हातारीमुळे नव्हे, हे कबूल केले पाहिजे. बाळंतपण झाल्यावर पहिले दोन तास बाळंतिणीजवळ दर पंधरा मिनिटांनी जावे लागते. नाडी आणि बीपी बघायचे, पोटावर हात ठेवून गर्भाशय घट्ट आहे ना ते पाहायचे, पॅड किती भिजले ते पाहायचे, कारण अतिरक्तस्राव सुरू होण्याचा मोठा धोका याच वेळेत असतो. एका रात्री दोन बाळंतिणी शेजारीशेजारी होत्या, एकीला मुलगा झाला होता आणि दुसरीला तिसरी मुलगी. पहाटे चार्ट पुरा करताना माझ्या लक्षात आले की पहिल्या तासात मुलाच्या आईकडे मी चार वेळा गेले होते आणि मुलीच्या आईकडे दोनदाच. मला तसे कोणी सांगितले नव्हते आणि मीही तसे ठरवले नव्हते. पाय आपोआप तिकडे वळले होते. रिकाम्या राहिलेल्या दोन रकान्यांत मी अंदाजाने बीपी लिहिले. दोघीही सुखरूप घरी गेल्या, म्हणून हे आज लिहिता येते आहे.

दुसऱ्या दिवशी मी डॉक्टरांकडे पगार वाढवून मागितला. ते म्हणाले, ‘सिस्टर, सेवेच्या कामात पैसा मोजायचा नसतो.’ त्या क्षणी त्यांच्या पुढ्यात ॲडमिशनच्या डिपॉझिटचे पावती-पुस्तक उघडे होते. दोन महिन्यांनी मी ती नोकरी सोडली.

त्या रात्रीतून मी एक गोष्ट धरून ठेवली आहे. पगाराचे बोलणे रुग्णालयाशी करायचे, उघडपणे आणि आकडा सांगून करायचे. रुग्णाशी ते बोलणे शब्दाने तर नाहीच, पण नजरेनेही करायचे नाही. जी परिचारिका व्यवस्थापनापुढे पैशाचे नाव काढायला लाजते तिची गरज काही नाहीशी होत नाही. ती गरज वेगळ्या वाटेने वॉर्डात शिरते, आणि मग कुठे बाळ दाखवण्याचे पैसे, कुठे लॅबवाल्याचे कमिशन, कुठे ड्युटी लवकर उरकून घरोघरी सलाईन लावायला जाणे असे तिचे रूप होते. तुमच्या बहिणीने मुलाखतीत पगाराचा विषय काढला म्हणजे तिने तो योग्य माणसांपुढे काढला, असे मी म्हणेन.

आता ‘सेवा’ या शब्दाबद्दल थोडे, कारण तो आमच्यावर फार वापरला जातो. दर वर्षी १२ मे रोजी परिचारिका दिनाला भाषणे होतात, दिवे लावले जातात, आणि फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी निरपेक्ष सेवा केली असे सांगितले जाते. ते खोटे नाही, पण अर्धे आहे. नाइटिंगेल यांना वडिलांकडून वर्षाला ५०० पौंड मिळत असत, म्हणूनच १८५३ मध्ये लंडनच्या एका रुग्णालयाची व्यवस्था त्या पगाराविना पाहू शकल्या. मात्र १८६० मध्ये सेंट थॉमस रुग्णालयात त्यांच्या निधीतून प्रशिक्षण शाळा सुरू झाली तेव्हा शिकणाऱ्या मुलींना राहणे-जेवण आणि वर्षाला १० पौंड देण्याची सोय केली गेली, कारण त्या मुलींच्या वडिलांकडे ५०० पौंड नव्हते. हातात दिवा घेऊन आपण जी शपथ म्हणतो तीही नाइटिंगेल यांनी लिहिलेली नाही. ती १८९३ मध्ये अमेरिकेतल्या डेट्रॉइट शहरात लिस्ट्रा ग्रेटर यांच्या समितीने तयार केली. आपल्याकडे सावित्रीबाई फुले यांचे उदाहरण दिले जाते, आणि १८९७ च्या प्लेगमध्ये रुग्णांची शुश्रूषा करताना त्यांनी प्राण दिला ही गोष्ट कोणाही परिचारिकेने मान खाली घालून ऐकावी अशीच आहे. पण त्या कोणाच्या नोकरीत नव्हत्या आणि त्यांच्या त्यागावर कोणी रुग्णालयाचा नफा काढत नव्हते. त्यांचे नाव घेऊन नोकरीतल्या मुलीला बारा हजारांत समाधान मानायला सांगणे मला पटत नाही.

आंतरराष्ट्रीय परिचारिका परिषदेची आचारसंहिता १९५३ पासून आहे आणि ती वेळोवेळी सुधारली गेली. तिच्यात रुग्णाचा सन्मान, गोपनीयता हे सगळे आहेच, पण परिचारिकांनी आपल्या संघटनांमार्फत कामाच्या ठिकाणी सुरक्षित आणि न्याय्य सामाजिक व आर्थिक परिस्थिती टिकवण्यात भाग घ्यावा, असेही तिच्यात म्हटले आहे. म्हणजे योग्य पगार मागणे आचारसंहितेच्या विरुद्ध तर नाहीच, उलट तिच्या पोटातलेच आहे. शिकवताना हे वाक्य बहुतेक वेळा घाईत उरकले जाते.

आकड्यांचे बोलायचे तर सर्वोच्च न्यायालयाच्या जानेवारी २०१६ च्या आदेशानंतर केंद्राने एक समिती नेमली. खासगी रुग्णालयात २०० पेक्षा जास्त खाटा असतील तर परिचारिकेला राज्य सरकारच्या परिचारिकेइतका पगार असावा, १०० ते २०० खाटा असतील तर तो त्याहून फार तर १० टक्के कमी असावा, ५० ते १०० असतील तर फार तर २५ टक्के, आणि ५० पेक्षा कमी खाटा असल्या तरी २०,००० रुपयांच्या खाली नसावा, अशी शिफारस तिने केली. अंमलबजावणी राज्यांवर सोपवली गेली, आणि पुढचे तुम्ही समजू शकता. आमच्या भागातल्या लहान रुग्णालयांत नुकत्याच पास झालेल्या मुलींना बारा-तेरा हजार सांगितले जातात हे मी आजही ऐकते. दुसऱ्या टोकाला एम्ससारख्या केंद्रीय संस्थांत नर्सिंग ऑफिसरचे सुरुवातीचे मूळ वेतनच सातव्या वेतन आयोगाप्रमाणे ४४,९०० रुपये आहे. पदवी तीच आणि नोंदणीही तीच. ही दरी माहीत असलेल्या मुलीने पैशाचा विचार केला तर त्यात नवल काय?

आता जी गोष्ट मला मॅडमना सांगावीशी वाटते ती तुम्हाला सांगते. काही वर्षांपूर्वी आमच्याकडे अथणी तालुक्यातली एक मुलगी नोकरीला आली. मुलाखतीत तिने पहिलाच प्रश्न मला केला, ‘मॅडम, हातात किती येणार आणि ओव्हरटाईम देता काय?’ शेजारी बसलेल्या डॉक्टरांनी माझ्याकडे पाहून भुवई उचलली. आम्ही तिला घेतले, कारण जागा रिकामी होती.

आपल्याकडे इन्सुलिन दोन ताकदींचे मिळते, एका मिलिलिटरमध्ये ४० युनिट असलेले आणि १०० युनिट असलेले, आणि दोहोंच्या सिरिंज वेगळ्या असतात. चाळीसच्या सिरिंजला लाल टोपण आणि शंभरच्या सिरिंजला नारिंगी. वॉर्डातल्या पिवळट दिव्याखाली, डोळ्यांवर झोप असताना, हे दोन रंग फार जवळचे दिसतात. त्या मुलीने रात्रीच्या जेवणाआधी एका रुग्णाला १२ युनिट द्यायचे होते. तिने शंभरच्या बाटलीतले इन्सुलिन चाळीसच्या सिरिंजमध्ये बाराच्या रेषेपर्यंत भरले, म्हणजे प्रत्यक्षात ३० युनिट गेले. सिरिंज टाकताना तिला टोपण दिसले. तिथे दुसरे कोणी नव्हते. रुग्णाला कळणार नव्हते, आणि शुगर उतरली असती तर ‘जेवण कमी गेले’ असे लिहून भागलेही असते. तिने आधी ड्युटी डॉक्टरांना बोलावले, मग मला घरी फोन केला, आणि ‘मॅडम, माझ्याकडून चूक झाली’ हे तिचे पहिले वाक्य होते. शुगर ५८ पर्यंत खाली आली होती. २५ टक्क्यांचे डेक्स्ट्रोज, म्हणजे साखरेचे इंजेक्शन, दिले, रात्रभर शुगर तपासत राहिलो, आणि सकाळी त्या गृहस्थांनी चहा मागितला. सगळी हकिकत तिने स्वतःच्या अक्षरात केसपेपरवर लिहिली होती.

सकाळी तिला कार्यालयात बोलावले तेव्हा कळले की ती सकाळी आठ ते दोन दुसऱ्या एका नर्सिंग होममध्ये काम करून आमच्याकडे नाईट करत होती, कारण शिक्षणाच्या कर्जाचा हप्ता आमच्या पगारातून निघत नव्हता. तिला काढून टाकावे असे एकाने सुचवले. मी म्हटले की आज हिला काढले तर उद्या कोणतीही मुलगी चूक सांगायला येणार नाही. तिला ठेवले, दोन प्रकारच्या सिरिंज वेगवेगळ्या ट्रेमध्ये गेल्या, आणि इन्सुलिन देण्याआधी दुसऱ्या स्टाफला दाखवायचे असे ठरले. तिची ती दुसरी नोकरी मात्र पुढच्या वर्षी पगारात चार हजारांची वाढ झाल्यावरच सुटली.

सेवेच्या ओढीने आलेल्या मी खोटे बीपी लिहिले आणि पगार विचारून आलेल्या त्या मुलीने खरे सांगितले. एका-दोघींवरून सगळ्यांबद्दल नियम काढता येत नाही हे मला कळते, आणि याच्या उलट उदाहरणेही मी देऊ शकेन. पण अपुऱ्या पगाराने माणूस थकतो आणि थकलेल्या हातून चुका होतात, हे मी इतक्या वेळा पाहिले आहे की पगार आणि नीती यांना एकमेकांसमोर उभे करणे ही मला निव्वळ सोय वाटते, आणि ती सोय पगार देणाऱ्याची असते.

मग पैशाने सगळे होते का? होत नाही, आणि हेही बहिणीला आधीच माहीत असलेले बरे. चंदगडकडच्या पुष्कळ बायका बेळगावला ऑपरेशनला येतात. संमतिपत्रक कन्नड आणि इंग्रजीत असते. ‘डॉक्टरांनी सांगितलंय, इथं अंगठा करा’ असे म्हटले की अर्ध्या मिनिटात काम होते. पिशवी (गर्भाशय) काढणार म्हणजे नेमके काय काढणार, भूल कशी देणार, रक्त लागले तर कोण देणार हे मराठीत बसून समजावायला पाव तास लागतो, आणि त्या पाव तासाचे कोणी जास्तीचे पैसे देत नाही. उलट बाजूने, गोकाककडची कन्नड बाई माझ्यापुढे पहिल्यांदा आली तेव्हा ‘होट्टि नोवु’, म्हणजे पोटदुखी, याच्या पुढे माझी गाडी जात नव्हती, आणि ती बाई काय सांगते आहे ते कळत नसताना मी मान हलवत राहिले होते. त्या लाजेने मी कन्नड शिकले. तुमची बहीण मराठी शाळेत शिकली असेल तर तिने कन्नड बोलण्यापुरते न ठेवता लिहायला-वाचायलाही पक्के करावे. कर्नाटकातल्या सरकारी भरतीत त्याचा उपयोग होईलच, पण त्याआधी खाटेवरच्या बाईला होईल.

या कामाला कोण योग्य नाही असे मला विचारले तर माझे उत्तर पैशाशी जोडलेले नाही. पहिल्या बेडपॅनला सगळ्यांनाच मळमळते आणि ते महिन्याभरात जाते. परंतु रुग्ण आपल्यापेक्षा हलका आहे असे ज्यांना वाटते, बीपीएल कार्डवाल्या म्हाताऱ्याला ‘ए’ म्हणून हाक मारताना ज्यांची जीभ अडखळत नाही, त्यांना कितीही पगार दिला आणि कितीही शपथा दिल्या तरी फरक पडलेला मी पाहिलेला नाही. तुमच्या बहिणीचे घरी आजारी आजी-आजोबांशी वागणे कसे आहे ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत असेल.

जर्मनीबद्दल थोडक्यात. तिथे परिचारिका म्हणून पूर्ण मान्यता मिळण्यासाठी साधारण बी-२ पातळीपर्यंत, म्हणजे बऱ्यापैकी सफाईने बोलता-लिहिता येईल इतकी, जर्मन भाषा यावी लागते, आणि ते वर्ष-दीड वर्षाचे नेटाचे काम आहे. परदेशात नोकरी लावून देणारा एजंट परराष्ट्र मंत्रालयाकडे नोंदलेला असावा लागतो आणि त्याला उमेदवाराकडून ३०,००० रुपये व त्यावरचा जीएसटी यापेक्षा जास्त शुल्क घेता येत नाही; कोणी लाखांत बोलू लागला तर तिथून उठावे. मूळ प्रमाणपत्रे एजंटकडे किंवा नोकरीच्या ठिकाणी ठेवून घेऊ देऊ नयेत. परदेशी जाण्यात अनैतिक असे काही मला दिसत नाही. जाईपर्यंतची दोन-तीन वर्षे इथल्या वॉर्डात ती ‘मी तर जाणारच आहे’ म्हणून कशीबशी काढणार असेल तर मात्र इथला रुग्ण तिच्या तिकिटाची किंमत भरतो.

दुसऱ्या कॉलेजात पुन्हा हाच प्रश्न विचारला गेला तर तिने उत्तर बदलू नये. ‘घरची गरज आहे म्हणून मला पगार हवा आहे, आणि तो मी रुग्णालयाकडून घेईन, रुग्णाकडून घेणार नाही’ एवढे तिने शांतपणे सांगावे. फी भरण्याआधी कॉलेजला कर्नाटक राज्य नर्सिंग कौन्सिलची आणि विद्यापीठाची मान्यता आहे का, आणि कॉलेजचे स्वतःचे चालते रुग्णालय आहे का, हे तुम्ही पाहा. त्या रुग्णालयात दुपारी दोनच्या सुमाराला, शिफ्ट बदलते तेव्हा जा. पुढच्या पाळीला रुग्ण सोपवताना हँडओव्हर देणारी स्टाफ खाटेजवळ जाऊन सांगते की टेबलाशी बसूनच उरकते, एकेकीकडे किती रुग्ण आहेत, सकाळची मुलगी खरोखर दोनला सुटते की चारपर्यंत अडकते, हे बाहेरच्या बाकावर अर्धा तास बसले तरी दिसते. बहिणीला त्या बाकावर एकटीला बसू द्या, आणि परतताना बसमध्ये तिला काय वाटले ते विचारा.